रिअल एल ‘कोमट आणि गॅस गेलेली’ का लागते? चांगली आणि बिघडलेली यांतला फरक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहता, पुण्याहून आई-बाबा आलेत. रविवारी त्यांना जवळच्या एका गावातल्या पबमध्ये नेलंत. रिअल एलसाठी, म्हणजे पबच्या तळघरात पिंपातच आंबणं पूर्ण होणाऱ्या पारंपरिक इंग्रजी बिअरसाठी, त्या पबचं नाव मोठं, माणसंही अगत्याची. पण बिअर कोमट, गॅस जवळपास नाही, फेस जेमतेम. बाबांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. आई पीत नाहीत आणि शाकाहारी आहेत. शेजारच्या कुणीतरी त्यांना सांगितलं की या बिअरमध्ये माशाचं काहीतरी घालतात. आता तुम्ही विचारताय की ही बिअर अशीच असते की आपल्याला शिळी दिली, आणि आई-बाबांना अशा ठिकाणी परत न्यावं की नाही.

मी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पबचं तळघर बऱ्याच वर्षांपासून सांभाळते. त्या दिवशी तुमच्या ग्लासात नेमकं काय होतं, हे मला इथून सांगता येणार नाही. ते कोणती बिअर होती, पिंप कधी उघडलं होतं आणि तुम्ही किती वाजता गेलात, यावर अवलंबून आहे. पण ‘कोमट’, ‘गॅस नाही’ आणि ‘फेस नाही’ या तुमच्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची कारणंही वेगळी आहेत. त्या सुट्या केल्या की पुढच्या वेळी पहिल्या दोन घोटांतच तुमचं तुम्हाला कळेल.

आधी थंडपणाचं. आपल्याकडे बिअर म्हणजे लागर, तीही बाटलीला दव सुटेल इतकी गार. रिअल एल तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि ग्लासातही ती साधारण तेवढीच यावी लागते. त्याहून गार केली तर माल्टची (मोड आणून भाजलेल्या सातूची) गोडी आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा व सुवास देणाऱ्या फुलांचा) वास दोन्ही दबतात, शिवाय बिअर धुरकट होऊ शकते. फ्रिजमधल्या बिअरची सवय असलेल्याला १२ अंश कोमटच वाटणार. पण ग्लास हातात घेतल्यावर तळव्याला गारवा जाणवला पाहिजे, माठातल्या पाण्यासारखा. तो जाणवला नाही, ग्लास खोलीइतकाच उबदार लागला, तर तुमची तक्रार रास्त आहे. ‘इंग्रज लोक गरम बिअर पितात’ हे ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात. बसू नये.

आता गॅस. रिअल एलचा सगळा जीव यात आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. नेहमीची नळाची बिअर कारखान्यात गाळतात, बहुतेक वेळा पाश्चराइझ करतात आणि पबमध्ये बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वर ढकलतात. रिअल एल कारखान्यातून निघते तेव्हा पिंपात जिवंत यीस्ट असतं. ते पबच्या तळघरात शेवटचं आंबवण्याचं काम करतं, त्यातून जो गॅस तयार होतो तेवढाच त्या बिअरला मिळतो. वरून गॅस द्यायचा नाही. म्हणून लागरच्या मानाने तिच्यात गॅस साधारण निम्माच असतो. जिभेला टोचत नाही, पण जिभेवर बारीक चुणचुण मात्र जाणवली पाहिजे. तीही नसेल, पाण्यासारखी सपाट लागली, तर ती बिअर जुनी झाली किंवा पिंपाची निगा चुकली.

ही बिअर आज मिळते याचं बरंचसं श्रेय ग्राहकांना आहे. १९६०-७० च्या काळात मोठ्या कंपन्यांनी गॅसवाली केग बिअर सगळीकडे लावायला सुरुवात केली होती. १९७१ मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी ठरवलं की याविरुद्ध काहीतरी करायचं. त्यातून कॅम्रा (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही संघटना उभी राहिली. तिची ‘गुड बिअर गाइड’ दरवर्षी निघते. त्यातले सुमारे ४,५०० पब संघटनेचे स्थानिक सदस्य वर्षभर तिथे बिअर पिऊन निवडतात. पैसे देऊन त्यात नाव घालता येत नाही. तुम्ही गेलात तो पब त्यात असेल तर निदान त्या सदस्यांच्या अनुभवात तिथली बिअर नेहमी नीट असते. मात्र प्रत्येक ग्लासाची हमी त्यातूनही मिळत नाही.

तळघरात काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. पिंपं आली की ती घडवंचीवर आडवी ठेवून पाचरी मारायच्या. एकदा ठेवल्यावर हलवायची नाहीत. पिंपाच्या वरच्या अंगाला एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचं बूच असतं. त्याच्या मध्यावर हातोडीने एक मऊ खुंटी ठोकायची, बांबूची किंवा मऊ लाकडाची. तिच्या रेषांमधून गॅस बाहेर यायला लागतो आणि पाठोपाठ पिवळसर फेस. जोमदार बिअर असेल तर तो फेस पिंपावरून ओघळतो. पुसायचा, थोड्या वेळाने परत बघायचं, परत पुसायचा. पुसल्यावर फेस लगेच येतो की सावकाश, एवढ्यावरून आतलं काम कितपत उरलंय ते कळतं. कधी सहा तासांत निवांत होतं, कधी दुसरा दिवस उजाडतो. मग मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला गॅस आतच राहतो. यीस्ट तळाला बसून बिअर निवळली की तोटी ठोकायची, तीही एका दणक्यात, कारण दोन-तीनदा ठोकलं तर खालचा गाळ उठतो. मग ग्लासभर काढून उजेडात धरायची, वास घ्यायचा, चाखायची. बिअर तयार नसेल तर वर बारवरच्या हॅन्डपंपावरचा (तळघरातून बिअर ओढणाऱ्या दांड्यावरचा) नावाचा फलक उलटा फिरवलेला ठेवायचा. पबमध्ये असा उलटा फलक दिसला तर आदरच वाटू द्या. कच्ची बिअर विकायची नाही असं तिथे कुणीतरी ठरवलेलं आहे.

तोटी ठोकली की घड्याळ सुरू. ग्लास भरत जातील तशी पिंपात हवा शिरते, आणि हवा लागली की जिवंत बिअर उतरायला लागते. सकाळची नीरा दुपारी कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तासांऐवजी दिवस मोजायचे, एवढंच. पहिला दिवस छान, दुसरा बहुतेकदा सर्वांत छान, तिसराही चांगला. त्यानंतर उतरण. काही कडक बिअरी जास्त टिकतात, पण नेहमीची ४ टक्के अल्कोहोलची बिटर (कडवट चवीची तांबूस एल) तीन दिवसांत संपवायची असं मी धरून चालते.

आता हिशोब करा. खेड्यातल्या पबमध्ये नेहमी दिसतं ते लहान पिंप म्हणजे फर्किन. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर. तळाचा गाळ सोडला तर सत्तरच्या आसपास विकता येतात. तीन दिवसांत संपवायचं तर रोज २३-२४ पाइंट, एका पंपावर. सहा पंप लावले तर रोज सुमारे १४० पाइंट खपायला हवेत. फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी तीनशे वस्तीच्या गावात एवढे पिणारे कुठून आणायचे? म्हणून गावातल्या पबमध्ये आठ-दहा हॅन्डपंपांची रांग दिसली आणि समोर चारच माणसं असली, तर मी सावध होते. दोन-तीनच पंप, पण समोर गर्दी, असं असेल तर डोळे झाकून बसावं.

माझं ठाम मत असं आहे की अगत्य आणि चांगली एल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. अनोळखी माणसाचं हसून स्वागत करणं, रोजच्या माणसाला नावाने हाक मारणं, कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं ठेवणं, चिखलाचे बूट घालून आलेल्या गिर्यारोहकांना आत येऊ देणं, यानेच माणसं येतात. माणसं आली की पिंपं वेळेत संपतात. पिंपं वेळेत संपली की बिअर ताजी राहते, आणि तिच्या नावाने आणखी माणसं येतात. तळघरात मी कितीही जीव ओतला तरी वर बसणारं कुणी नसेल तर चार-पाच दिवसांनी माझ्या हातात आंबट बिअरच उरते. गावकऱ्यांनाही हे कळतं. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावचा ओल्ड क्राउन २००३ मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर मिळून विकत घेतला. सहकाराचं मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांना त्यामागची तळमळ वेगळी सांगायला नको.

तुमच्या रेडिंगपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास ऑल्डवर्थ नावाचं गाव आहे. तिथला द बेल इन हा पब अडीचशे वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाकडे आहे. तिथे लांबलचक बार नाही, काचेच्या तावदानांची खिडकी आहे. तिच्यातून मागायचं आणि ग्लास घ्यायचा. खायला भरलेले गरम ब्रेडरोल, थाटमाट काही नाही. कॅम्राने १९९० आणि २०१९ अशा दोन वेळा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्याची निवड केली. चांगल्या खेड्यातल्या पबमध्ये काय असतं आणि कशाची गरज नसते, हे आई-बाबांना दाखवायचं असेल तर मी आधी तिथेच पाठवेन. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा तेवढ्या बघा. अशी ठिकाणं दिवसभर उघडी नसतात.

आता फेसाचं. हा बहुतेक वेळा प्रांताचा मामला आहे. उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरकडे, पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची एक चकती लावतात. तिच्यातून बिअर जोराने घुसते आणि वर साईसारखा दाट फेस येतो. दक्षिणेत ती चकती बहुधा लावत नाहीत, काही ठिकाणी तर थेट पिंपाच्या तोटीतून ग्लास भरतात. तिथे फेस पातळ असतो आणि तेच बरोबर मानतात. तुम्ही दक्षिणेत आहात, तेव्हा निव्वळ फेस कमी म्हणून बिअर वाईट ठरवू नका. उलट, फेस फार आणि ग्लास अपुरा वाटला तर ‘टॉप अप’ मागा, निःसंकोच भरून देतात.

मग बिघडलेली कशी ओळखायची? माझा क्रम असा: डोळे, नाक, जीभ. आधी ग्लास उजेडात धरा. नेहमीची बिटर स्वच्छ, चमकदार असावी. धूसर असेल तर विचारा, कारण काही बिअरी मुद्दाम न निवळलेल्या असतात आणि ते फलकावर बहुधा लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल, तर पिंप तळाला आलंय किंवा कुणीतरी ते हलवलंय. मग वास. व्हिनेगरचा आंबूस वास म्हणजे हवा आणि जिवाणू यांचं काम झालेलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर हवेने जुनी झालेली. वितळलेल्या लोण्याचा वास जोरात आला तर बहुधा आंबवण्यात गडबड झालेली किंवा नळ्या अस्वच्छ. नळ्या आठवड्याला एकदा धुवायच्या असतात, आणि ज्या पबमध्ये हे चुकतं तिथे सगळ्या पंपांवरच्या बिअरींना एकच विचित्र चव येते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बर्टन-ऑन-ट्रेंटकडच्या काही बिअरींना पहिल्या क्षणी काडेपेटीच्या काडीसारखा, गंधकाचा वास येतो. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे, त्यातून तो येतो. त्यात बिघाड काही नाही, क्षणात जातो. याच बर्टनची पेल एल १९व्या शतकात पिंपांतून जहाजाने हिंदुस्थानात यायची, हे बाबांना सांगायला हरकत नाही.

कडू लागली म्हणून बिअर खराब नसते. कडवटपणा हॉप्सचा असतो, तो हवाच. आंबट, सपाट, उबदार, धूसर, यांतलं काही असेल तर बोला.

बोलायचं कसं, यात आपली माणसं फार अडखळतात. पाहुण्यांसमोर वाद नको, वर हा परका देश, असं वाटतं. पण पहिल्या दोन-चार घोटांनंतर ग्लास घेऊन बारपाशी जायचं आणि शांतपणे म्हणायचं, “सॉरी, ही बिअर जरा उतरल्यासारखी वाटते, तुम्ही चाखून बघता का?” चांगला पबवाला ती स्वतः चाखेल आणि तुमचं बरोबर असेल तर वाद न घालता दुसरी देईल. माझ्याकडे कुणी असा ग्लास आणला तर मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, कारण तळघरातली गडबड मला त्या एका ग्लासावर कळते. पुढचे वीस लोक वाचतात. मात्र पाऊण ग्लास संपवून तक्रार नेऊ नका. आणि बिअर उत्तम असून फक्त तुम्हाला आवडली नसेल, तर बदलून मागू नका. त्यासाठी आधीच घोटभर चाखायला मागायची, ती रिअल एलच्या पबमध्ये आनंदाने देतात.

वेळही बघा. दार उघडल्या उघडल्या पहिला ग्लास तुमचा असेल, तर पंपाच्या नळीत रात्रभर उभी राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला येऊ शकते. ती हमखास कोमट आणि निर्जीव लागते. चांगल्या ठिकाणी ती आधीच ओढून टाकतात, काही ठिकाणी पैसे वाचवायला टाकत नाहीत. तुमच्या वर्णनातली कोमट आणि गॅस नसलेली ही जोडी मला याच बाजूला झुकलेली वाटते.

बाबांसाठी पुढच्या वेळी सुरुवात गडद माइल्ड (कमी कडू, गडद रंगाची एल) किंवा जुन्या धाटणीच्या बिटरने करू नका. गोल्डन एल मागा. रंग लागरचाच, चव हलकी, हॉप्सचा लिंबासारखा सुवास. विल्टशायरच्या हॉप बॅक कारखान्याची समर लाइटनिंग ही या प्रकारातली सुरुवातीची आणि नावाजलेली, पण ती जरा कडक आहे. ४ टक्क्यांच्या आतबाहेरची एखादी स्थानिक मिळाली तर ती आधी. आणि पाइंट नको, अर्धाच घ्या. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. नव्या चवीशी ओळख करून घेताना एवढं संपवायचं दडपण कशाला? अर्ध्या पाइंटमध्ये दोन प्रकार चाखून होतात.

आईंना कुणीतरी सांगितलं ते खरं आहे. बिअर लवकर निवळावी म्हणून परंपरेने आयसिंगग्लास घालतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून ते बनवतात. यीस्टला चिकटून ते गाळाबरोबर तळाला बसतं, ग्लासात फारसं येत नाही. पण शाकाहारी माणसाच्या दृष्टीने ‘फारसं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, आणि मी ते तसं पटवायलाही जाणार नाही. आता पुष्कळ कारखाने आयसिंगग्लास न घालता बिअर देतात. फलकावर व्हीगन किंवा अनफाइन्ड लिहिलेलं बघा, नाहीतर बारवर विचारा. आई पीतच नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत स्वयंपाकघराची चौकशी जास्त महत्त्वाची. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात ती इथे वापरतात का, ग्रेव्ही कशाची, चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) आहे का. रविवारी दुपारी रोस्टच्या (भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणाच्या) गर्दीत स्वयंपाकघराला उसंत नसते, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. नीट विचारलं तर नीट सांगतात. आणि पबमध्ये न पिणाऱ्याने बसणं यात काहीही वावगं नाही. माझ्याकडे दुपारी नुसत्या चहासाठी येणाऱ्या आजीबाई आहेत, शेकोटीजवळची खुर्ची त्यांचीच.

बाकी रीत सोपी आहे. टेबलाशी बसून वाट बघायची नाही, बारवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी उभी असलेली गावची माणसं हवापाण्यावरून बोलायला लागली तर बाबांना बोलू द्या. कोणती बिअर आज चांगली उतरलीय, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. गाडी कोण चालवणार हे मात्र घरूनच ठरवून निघा. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलची, स्कॉटलंडमध्ये ५० ची, पण मी म्हणेन चालवणाऱ्याने घेऊच नये.

तर हो, आई-बाबांना परत न्या, त्याच पबमध्येही न्या, फक्त दुपारी दोनच्या सुमारास, गर्दी असताना. त्या दिवशी किती वाजता गेला होतात, किती पंप चालू होते आणि बाबांच्या ग्लासाला काही वास होता का, एवढं आठवत असेल तर कळवा. पंपावरच्या फलकावरचं नाव आठवलं तर आणखी चांगलं. मग ती बिअर मुळात तशीच असते की तिचे दिवस भरले होते, ते मला बऱ्याच खात्रीने सांगता येईल.